कादंबरीतली आई

फकीरने अम्मीची खालची पापणी बोटाने ओढून धरली होती. औषधाची बाटली तिरकी करून तो थेंब सोडणार, तेवढ्यात अम्मी स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई मेली त्या वर्षी घरात कापूस फार उडाला." थेंब डोळ्यात पडलाच नाही. गालावर पडला आणि सुरकुतीतून वाट काढत कानाकडे गेला. फकीरचा हात तसाच अधांतरी राहिला. अम्मी घरच्यांशी मराठी बोलत नसे. गिऱ्हाइकाशी बोले, भाजीवालीशी बोले, मोतीबिंदू काढला त्या दवाखान्यातल्या नर्सशी तर तासभर बोलली होती. पण उंबऱ्याच्या आत आली की तिची जीभ आपोआप दखनीकडे वळे, चपला काढाव्यात तशी ती बाजाराची भाषा बाहेरच काढून ठेवी. आणि हे वाक्य बाजारातलं नव्हतंच. ते त्याचं होतं. त्याच्या तिसऱ्या कादंबरीचं पहिलं वाक्य. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत त्याने ते कितीदा लिहून खोडलं होतं, 'फार' हा शब्द कुठे ठेवायचा यावर त्याच्या कित्येक संध्याकाळी गेल्या होत्या. आता तेच वाक्य हिंगोलीत, भर दुपारी, खाटेवर उताण्या पडलेल्या अम्मीच्या तोंडून आलं होतं आणि तिने 'फार' बरोबर त्याच जागी ठेवला होता. अम्मीने डोळा उघडाच ठेवला होता. "अब डाल," ती म्हणाली. त्याने थेंब टाकला. तिने डोळा मिटला, पदराच्या टोकाने गाल पुसला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो बाहेर येऊन बंद दुकानाच्या पायरीवर बसला. अब्बा गेल्यापासून गादीघर बंदच होतं. कापूस पिंजायच्या यंत्रावर पोतं टाकलेलं होतं, आणि पोत्यावर धूळ. अम्मी तेवढी घरात बसून बाळंतिणींसाठी लहान उशा शिवायची, डोळे जाईपर्यंत. तिला वाचता येत नव्हतं. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. कुराणातल्या आयती ती लहानपणी कानावर पडलेल्या चालीवर म्हणायची, अर्थ विचारला तर हात वर करून आभाळ दाखवायची. अम्मीला वाचता येत नाही, एवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर फकीरने तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. सगळ्या पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांच्या. पहिलीत त्याने नावं बदलली, जाती बदलल्या, गाव नदीकाठी नेलं. दुसरीत नदी काढून टाकली. तिसरीत त्याने पिंजाऱ्याचं घर लिहिलं, हिंगोली लिहिली, आणि 'मी' लिहिला. त्या 'मी'ला बक्षीस मिळालं तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला आणि खाली ठळक अक्षरांत त्याच्याविषयी ती गोष्ट आली, जी घरात कुणी कधी उच्चारली नव्हती.

प्रत्येक सत्कारात त्याला एक प्रश्न हमखास विचारला जाई, की तुम्ही मराठीतच का लिहिता? परक्याच्या लेकराने आपल्या घरातला श्लोक म्हणून दाखवावा आणि आपण त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, तसं कौतुक त्या प्रश्नात असे. तो सांगायचा, अब्बांची गिऱ्हाइकं सगळी मराठी, म्हणून त्यांनी मला जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घातलं. ते खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दखनीत त्याला भरवलं होतं, दटावलं होतं, थोपटून झोपवलं होतं. अब्बांना मातीत ठेवताना लोक त्याच्याशी त्याच भाषेत बोलले होते. त्या भाषेत काहीही म्हटलं तरी ते अम्मीला ऐकू जातं, असं त्याला वाटे, मग मध्ये कितीही कोसांचं अंतर असो. पुण्याला नवा होता तेव्हा एकदा त्याने खोलीचं दार लावून स्वतःशीच मोठ्याने म्हणून पाहिलं होतं, मेरे कू मर्दां अच्छे लगते. आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात कुणीतरी हातातलं भांडं हळूच खाली ठेवल्याचा भास झाला होता. त्या खोलीला स्वयंपाकघर नव्हतं. मराठीत असं होत नसे. मराठीत तो भाडेकरू होता, आणि भाडेकरू किती वाजता आला, कुणाला घेऊन आला, हे त्याची आई विचारत नाही.

तरीही त्याने धोका पत्करला नव्हता. तिन्ही कादंबऱ्यांत आई मेलेली होती. पहिलीत बाळंतपणात, दुसरीत तापाने, तिसरीत पहिल्याच वाक्यात. एका समीक्षकाने लिहिलं की ही मृत आई म्हणजे लेखकाची हरवलेली मातृभाषा आहे. फकीरला ते इतकं आवडलं की पुढे भाषणांत तो तेच स्वतःचं म्हणून सांगू लागला. मोठ्या माणसांना आधी खोलीबाहेर घालवून मग पोरांनी काही बोलावं, तसं त्याने तिला प्रत्येक वेळी लिहायच्या आधी घालवून दिलं होतं, एवढंच खरं होतं.

दिवेलागणीला प्रतिक्षा आली. शेजारच्या घरची सून, डी.एड. होऊन घरीच बसलेली. अम्मीला दिसेनासं झाल्यापासून रोज सुईत दोरा ओवून द्यायला यायची, ते ऑपरेशन झाल्यावरही सुटलं नव्हतं. फकीरने तिला पायरीवरच गाठलं आणि अम्मीला पुस्तक तूच वाचून दाखवलंस का, असं विचारलं. ती गोरीमोरी झाली, पण खोटं बोलली नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आजीनेच, म्हणजे अम्मीनेच, ट्रंकेतून पुस्तक काढून दिलं होतं, वरचा फोटो ओळखून. म्हणाली, माझ्या पोराचं हाय, वाच. दुपारी थोडं थोडं वाचत गेले, आजी उशीत कापूस भरत ऐकायच्या. मग तिने खाली मान घालून सांगितलं, "काही पानं मी सोडून देत होते, काका. पर आजीला कसं कळायचं काय माहीत. म्हणायच्या, सोडू नको. त्यानं लिव्हताना सोडलं न्हाई, तू काहून सोडती?" फकीरने तिला विचारलं नाही की कोणती पानं. त्याला ती सगळी पाठ होती. त्या पानांतलं ते सगळं एका परक्या घरच्या सुनेच्या आवाजात, दुपारच्या उन्हात, अम्मीच्या कानांवर पडत असल्याचं त्याने डोळ्यांपुढे आणून पाहिलं, आणि त्याला शरम वाटली ती लिहिल्याची नाही. अम्मी ते सगळं एकटीने ऐकत बसली होती त्याची.

ती पानं विश्वंभरची होती. कुरुंद्याचा विश्वंभर. हळद विकून झाली की तिथली मोठी घरं जुन्या गाद्या पिंजून घ्यायची. अब्बा खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून निघत आणि सुट्टी असली की फकीर मागे. अब्बा तिच्या तारेवर लाकडी दस्ता मारत, कापूस ढगासारखा वर येई, आणि त्या पांढऱ्या धुरळ्यापलीकडे पिवळ्या हातांचं एक पोरगं पायरीवर बसून राही. हळदीच्या घरातल्यांचे हात शिमग्यानंतर बरेच दिवस पिवळेच असत. पुढे वसमतच्या कॉलेजात दोघांची गाठ पडली आणि एकाच खोलीत राहणं आलं. त्या खोलीबद्दल फकीरने इतकं लिहिलं होतं की आता खरी खोली कशी होती ते त्याला आठवेना. खिडकी डावीकडे होती की त्याने ती वाक्यासाठी डावीकडे नेली होती, कुणास ठाऊक. शेवटच्या वर्षी विश्वंभर घरी जाऊन आला आणि म्हणाला, लगीन ठरलं. कुणाचं, असंही फकीरने विचारलं नाही. लग्नाच्या पलंगाची गादी करायचं काम हिंगोलीच्या गादीघरातच आलं. लाल साटीनची खोळ, दोन उशा. अब्बांनी ते फकीरच्या पुढ्यात टाकलं, कारण घरात त्याचा टाका सगळ्यात सारखा पडे. तिसऱ्या कादंबरीतलं गाजलेलं प्रकरण ते हेच. आई नसलेला मुलगा रिकाम्या घरात दिवसभर एकटा बसून आपल्या माणसाच्या लग्नाची गादी शिवतो. लांबलांबच्या वाचकांनी त्याला फोन करून रडून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी समरीन आली. पुसेगावला दिलेली धाकटी बहीण. ऑपरेशनच्या वेळी ती दोन दिवस दवाखान्यात अम्मीच्या उशाशी बसली होती, पण फकीरशी थेट बोलत नव्हती. अम्मी, इनकू बोलो दवा लाने कू, असं. तिच्या नवऱ्याच्या किराणा दुकानात कुणीतरी ते वर्तमानपत्र आणून भर गर्दीत मोठ्याने वाचलं होतं. नवरा मारणारा नव्हता, त्याने फक्त दुकानाचं शटर ओढलं आणि आठवडाभर उघडलं नाही. तेव्हापासून फकीर घरी असला की समरीन पोरांना आणत नसे. आज तिने भाकरी थापता थापता पाठमोरीच सांगितलं की थोरलीला बघायला पाहुणे येणार आहेत, तर तोवर भाईजानने पुण्याला गेलेलं बरं. आणि थोड्या वेळाने, तशीच पाठमोरी, हळू आवाजात म्हणाली, लहानपणी तू मला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायचास, ते का नाही लिहिलंस कधी? त्याच्या एकाही कादंबरीत बहीण नव्हती. तिला मारायचीही तसदी त्याने घेतली नव्हती. समरीनने भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या, अम्मीच्या डोळ्यात थेंब टाकले, तिचे केस विंचरले आणि दुपारच्या गाडीने ती निघून गेली. जाताना तिने त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलेलं होतं.

तो जेवला नाही. अम्मी खाटेवर काळा चष्मा लावून बसली होती. चष्म्यामुळे ती कुठे बघते आहे ते कळत नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच त्याला तिच्या समोर बसणं जमलं. त्याने मनात वाक्य जुळवलं ते मराठीत जुळलं. ते दखनीत आणायला गेला तर येईना. शेवटी अम्मीच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली एवढंच विचारावं, तसं तिने विचारलं.

"मेरे कू काय कू मार डाल्या रे तू?"

तो म्हणाला, ती तू नाहीस अम्मी, गोष्टीतली आई आहे ती. अम्मीने हात हलवून ते बाजूला सारलं. म्हणाली, गोष्टीतलं सगळं आपल्या घरचं आहे. दुकान आपलं, यंत्र आपलं, अब्बांचा खोकलासुद्धा आपलाच. मग आईच तेवढी कुठून मेलेली आणलीस? ती लाल गादी तू एकट्याने शिवलीस म्हणतोस. मी समोर बसले होते. एका टोकाला तू, एका टोकाला मी. तू दोरा इतका ओढत होतास की खोळ गोळा होत होती. मग दाभण तुझ्या तळहातात घुसलं आणि रक्त साटीनवर पडलं. लालवर लाल, कुणाला दिसलं नाही. मला दिसलं. मी तुला हात धुवायला पाठवलं आणि तुझे सगळे टाके उसवले. पुन्हा घातले. तुझ्या अब्बाला कळू दिलं नाही. "वो गादी मैं सिली," ती म्हणाली, "और तू लिख्या, घर में कोई नै था."

फकीरने आपला तळहात पाहिला. रेषांच्या गर्दीत कुठे खूण असेल तर ती सापडेना. पण ते आठवलं. लिहिताना त्याने अम्मीला त्या खोलीतून उठवलं होतं, आणि लिहिलेलं इतक्यांदा वाचलं, इतक्या व्यासपीठांवर वाचलं, की पुढे आठवणीतूनही ती उठून गेली. आता ती परत येऊन बसत होती: गुडघा उभा धरून, तोंडात दोरा, साटीनच्या पलीकडच्या टोकाला. तेव्हा ती आजच्या त्याच्यापेक्षाही लहान होती. तिने काही विचारलं नव्हतं. ती फक्त टाक्याला टाका देत होती, त्याच्या दोऱ्याचा ताण आपल्या बाजूने सैल करत. त्या दिवशी आपल्याला पाहणारं कुणी नव्हतं याच दुःखावर त्याने सारं लेखन उभं केलं होतं, आणि पाहणारं माणूस हाताच्या अंतरावर होतं. तुला कधीपासून माहीत होतं, त्याने विचारलं. अम्मी म्हणाली, वसमतहून आलास की विश्वंभर असा, विश्वंभर तसा, तुझं तोंड थांबायचं नाही. मग एक दिवस ते नाव घ्यायचाच थांबलास. तेव्हापासून.

मग तिने आणखी एक सांगितलं. विश्वंभर गेला तेव्हा ती कुरुंद्याला जाऊन आली होती. या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत, कढईजवळ बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली आणि तो उठलाच नाही. फकीरला ते महिनाभराने कॉलेजच्या ग्रुपवर कळलं होतं. लोकांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली होती, त्यानेही टाकलं आणि छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामाला गेला. दुपारी त्याला मुद्रितातलं एकही अक्षर दिसेना तेव्हा त्याने साहेबाला सांगितलं, डोळे आलेत. त्याच्या महिनाभर आधीच डोळ्यांनी अधू झालेली अम्मी एस.टी.ने कुरुंद्याला गेली होती, फाट्यावर कुणाकुणाला विचारत त्या घरी पोचली होती, आणि बायकांत बसून आली होती. कुणी विचारलं तर म्हणाली, गादीवाले आम्ही, जुना घरोबा. "तेरे बदल गई," अम्मी म्हणाली. त्याच्याऐवजी ती गेली होती. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. फकीर म्हणाला, मग मला सांगितलं का नाहीस? फोन तरी करायचा. अम्मीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

"तू मेरे कू मार को बैठा था," ती म्हणाली. "मरी हुई क्या बोलती?"

पुण्याला जायचं फकीरने पुढे ढकललं. समरीनकडचे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी निघायचं, एवढं त्याने मनाशी ठरवलं. मधल्या दिवसांत एका सकाळी अम्मी उठली, तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि म्हणाली, मेरे कू कुरुंदा ले चल. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलं होतं, ते त्याने सांगून पाहिलं. ती दारात जाऊन उभी राहिली. गाडीत तिने खिडकीची जागा घेतली आणि नव्या डोळ्याने बाहेर बघत राहिली. हळदीची रानं कमरेला लागतील एवढी वाढली होती. ही हिरवी, ती जास्त हिरवी, असं ती मध्येच म्हणायची. फकीर बाहेर बघत नव्हता. विश्वंभरचं लग्न ठरलं त्यानंतर तो या रस्त्याने एकदाही गेला नव्हता. त्याच्या तिन्ही पुस्तकांत हा रस्ता होता, आणि आता तो पुस्तकांपेक्षा बराच आखूड निघाला.

विश्वंभरची बायको कुशावर्ता अंगणात शेंगा फोडत बसली होती. अम्मीला तिने लांबूनच ओळखलं, "मावशी, डोळे झाले जणू," म्हणत उठली आणि हात धरून तिला ओसरीवरच्या बाजेवर बसवलं. फकीरकडे तिने एकदा नीट पाहिलं. अम्मी म्हणाली, हे माझं पोरगं, पुण्याला असतंय. कुशावर्ताने मान हलवली, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, चहा टाकला. चहा होईपर्यंत अम्मी आणि ती बोलत राहिल्या. शेत दिराने केलंय, मुलगी पुनम नांदेडला नर्सिंगला आहे, सासूबाई गेल्या वर्षीच गेल्या, बरं झालं, त्यांना हे बघावं लागलं नाही. भिंतीवर विश्वंभरचा फोटो होता, आधारकार्डावरून मोठा केलेला. त्यात तो कुणासारखाच दिसत नव्हता. फकीर कपातल्या चहाकडे बघत बसला. त्याच्या मनात भीती होती, ही बाई आता विचारेल, पुस्तकाचं विचारेल, आणि अम्मीच्या समोर विचारेल. कुशावर्ताने शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. दोन-चार फोडल्या. मग हात थांबवून म्हणाली,

"तुमी आन हे वसमतला एकाच खोलीत होता म्हणं."

"हो."

"तिथं ते हसायचे काय?"

फकीरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. कुशावर्ता त्याच्याकडे बघत नव्हती, सुपाकडे बघत होती. म्हणाली, तसं मला काही तकलीफ न्हाई दिली त्यांनी. हात उगारला न्हाई, वंगाळ बोलले न्हाईत, दारूला शिवले न्हाईत. आजारी पडले तं उशाला बसून राह्यचे. पर हसलेले मी कधी पाह्यले न्हाईत. लोक म्हणायचे सभावच तसा हाय. माझं मन काही ते घेत नव्हतं. आता विचारायला कुणी राह्यलं न्हाई, म्हणून तुमाला विचारलं.

अम्मीने काळा चष्मा फकीरकडे वळवला. तो म्हणाला, "हसायचा."

"कसं?"

या हसण्याचं त्याने किती वर्णन केलं होतं. पाण्याची उपमा दिली होती, पाखरांची दिली होती, एका पानावर तर नुसतं तेच होतं. त्यातलं एकही इथे या ओसरीवर मांडण्याजोगं नव्हतं. त्याने कप खाली ठेवला. मान मागे टाकली, डोळे मिटले आणि मांडीवर थाप मारली, एक, मग दुसरी, विश्वंभर मारायचा तशी; मग दम आत ओढत घशातून तो आवाज काढून पाहिला, जो आधी अडखळायचा आणि मग एकदम सुटायचा. त्याचा अडखळला तिथेच राहिला. खांदे तेवढे हलत राहिले. अम्मीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच दाबून धरला.

कुशावर्ता टक लावून बघत होती. तिच्या हातातली शेंग फुटायची राहून गेली होती.

"आमची पुनम अशीच हसती," ती म्हणाली. "मान टाकून, मांडीवर हात मारून. मी म्हणायची, कुणावर गेली ही बाई, आमच्यात तं असं कुणी न्हाई. लई रागवायची मी तिला. पोरीच्या जातीनं असं हसू न्हाई म्हणायची." तिने पदर तोंडाला लावला, मग काढला. "आता न्हाई रागवायची."